आईंच्या विसरण्यावर संशोधन, आणि मला म्हणतात ‘सल्लागार गटात या’. कुणी बसलंय का अशा गटात?

साखळीची_शिलाई

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी नुसती वाचते, लिहायची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला ओव्हरलॉक मशीनबद्दल विचारलं होतं, तेव्हा चांगली उत्तरं मिळाली होती म्हणून पुन्हा आले.

आमच्या सासूबाई 78 वर्षांच्या. तीनेक वर्षं झाली, विसरतात. आधी गॅस, मग चाव्या, आता माणसं. चाव्या तांदळाच्या डब्यात सापडतात हे घरात सगळ्यांना पाठ झालंय. दिवेलागण झाली की दारात जाऊन उभ्या राहतात, “बाबल आला नाही अजून” म्हणून. बाबल म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, तो वारून चाळीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीला मी खरं सांगायची, आई, मामा गेले ना. की त्या नव्याने रडायच्या, रोज, जणू आत्ताच निरोप आलाय. आता मी म्हणते, “बस चुकली असेल त्याची, येईल.” मग निमूट आत येतात, हातपाय धुतात. डॉक्टरांनी कागदावर डिमेन्शिया लिहून दिलंय.

तर गेल्या आठवड्यात आरोग्य केंद्रातून नाव घेऊन एक मुलगी घरी आली. डिमेन्शिया झालेल्या माणसांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी काही प्रशिक्षण तयार करताहेत, त्याचं संशोधन आहे म्हणाली. मला वाटलं आईंना गोळ्या देऊन बघणार, मी सरळ नाही म्हटलं. तर ती म्हणते, आईंना नको असेल तर राहू दे, पण तुम्ही आमच्या लोकसल्लागार गटात या. वर्षातून चार-पाच बैठका. हातात दोन पानी कागद ठेवला. त्यात लिहिलंय, “काळजीवाहू व्यक्तींचे जिवंत अनुभव संशोधनासाठी अमूल्य आहेत.” मी दोनदा वाचलं. मेलेले अनुभव कसले असतात?

मी बारावी, ब्लाउज शिवते. खाण बंद पडल्यापासून नवऱ्याच्या ट्रकाचा काही भरवसा नाही, म्हणजे माझं मशीन थांबलं तर घरात जाणवतं. तो म्हणतो फुकटची कामं अंगावर घेऊ नकोस. मला जावंसं वाटतंय खरं, पण डॉक्टर मंडळींसमोर मी बोलणार काय? सही कसली घेतील? आणि मी गटात गेले म्हणून उद्या आईंनाही त्यात ओढतील का?

वाळपईचा_पोर

ताई, दादाचं ऐका. चहा, बिस्कीट, ग्रुप फोटो, बाय बाय. बस्स एवढंच असतं.

आमच्या सत्तरी तालुक्यात 2015 पासून माकडताप आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. किती पथकं आली याची गणती नाही. रक्त नेलं, गुरांच्या अंगावरच्या गोचिडी चिमट्याने काढून बाटलीत भरून नेल्या. माझं रक्त दोन वेळा नेलंय. त्यात काय निघालं ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. गोचिडी चावू नयेत म्हणून रानात जाताना हातापायांना लावायचं तेल मात्र दिलं. आता ताप येतो तो नेमका काजूच्या दिवसांत. बोंडू मळतात पायांनी. तेल चोपडलेल्या पायांनी मळलेल्या रसाची हुर्राक, म्हणजे काजूची दारू, कोण घेणार? बाटल्या तशाच पडून राहिल्या, नि वर आम्हालाच म्हणे, लोकांत जागृती नाही. आधी एका भट्टीवाल्याला विचारलं असतं तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं.

कदंबा_निवृत्त

ताई, मी बसलोय अशा गटात. अडीच वर्षं. तुमच्या आजाराच्या नव्हे, साखरेच्या. आणि वाळपईच्या पोरा, तुझं रडगाणं खरं आहे, पण तुझ्या शेवटच्या वाक्यातच ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तो जो भट्टीवाला तू म्हणतोस, त्यालाच बोलावलंय या खेपेला.

माझं सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

31 वर्षं कंडक्टर होतो, निम्मी अधिक फोंडा-वाळपई बाजूला. साखर कधीपासून होती देव जाणे, कळली निवृत्तीच्या आधी दहा वर्षं. डाव्या पायाची करंगळी गेली ती बुटातल्या खड्यामुळे. सकाळी पहिल्या फेरीला खडा आत गेला, रात्री मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. दिवसभर टोचलंच नाही. साखरेने पायातली जाणीव मरते ती अशी. पुढे ड्रेसिंगला जायचो तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आम्ही पायाच्या जखमांवर अभ्यास करतोय, गटात येता का. मीही तुमच्यासारखंच विचारलं, माझा पाय पुन्हा कापणार नाही ना?

आठ जण होतो. एक मासे विकणारी बाय, एक भटजी, एक निवृत्त शिक्षिका, नवऱ्याचा पाय गुडघ्याखाली गेलेली एक बाई, असे. पहिली बैठक एसी खोलीत. पडद्यावर इंग्रजी. चाळीसेक पानं सरकली असतील. शेवटी “कुणाला काही शंका?” सगळे गप्प. मग खाणं आलं. क्रीमची बिस्किटं नि नारिंगी सरबताच्या बाटल्या. आठ साखरेचे रोगी टेबलाभोवती! ती मासेवाली बाय बिस्कीट उलटंपालटं करून बघते नि म्हणते, “दोतोर, हें आमी खालें जाल्यार तुमचेंच काम वाडटलें.” डॉक्टरीणबाई आधी लाल झाल्या, मग एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसला. त्या दिवशी काम काहीच झालं नाही, पण त्यानंतर गप्प कुणी बसलं नाही.

दुसऱ्या बैठकीला प्रश्नावली आली, मराठीतून. त्यात एक प्रश्न, “आपण अनवाणी चालता का? होय / नाही.” मी म्हटलं याला सगळे ‘नाही’ म्हणणार. का? कारण रस्त्यावर चप्पल घालतो आपण. घरात घालत नाही, तुळशीकडे घालत नाही, देवळात तर प्रश्नच नाही, कुळागरात पाणी लावताना घालत नाही. पण त्याला ‘अनवाणी चालणं’ म्हणतो का कुणी? ते आपलं घरातलं वावरणं. भटजी म्हणाले, मी दिवसातले दहा तास अनवाणी असतो नि तुमच्या कागदावर मी ‘नाही’वर खूण केली असती. तो प्रश्न फोडून चार केले. घरात, देवळात, बागायतीत, रस्त्यावर. पुढे त्या पोरांनीच सांगितलं की पहिल्या प्रश्नावर ‘नाही’ म्हणणारे बरेच जण नव्या चारांपैकी तीन प्रश्नांवर ‘होय’ म्हणाले.

मग रक्त तपासणी. सकाळी साडेनऊला, उपाशी पोटी, शहरात. कागदावर बरं दिसतं. मी विचारलं, सत्तरीच्या आतल्या गावातला माणूस साडेनऊला इथे पोचायला किती वाजता उठेल? त्यांना वाटलं आठला निघेल. अहो, पहाटे उठून पायी नाक्यावर, पहिली बस, मग फोंड्याला बदली, मग दुसरी बस. आदल्या रात्री गोळी घेतलेला माणूस एवढा वेळ रिकाम्या पोटी उभा. माझ्या गाडीत घेरी येऊन पडलेले लोक मी पाहिलेत, खिशातली लिमलेटची गोळी तोंडात घातलीय त्यांच्या. साखर अशी खाली घसरली तर जिवावर बेततं, हे त्या डॉक्टरांना माझ्याहून जास्त ठाऊक. बसचं वेळापत्रक ठाऊक नव्हतं, एवढंच. रक्त जवळच्या आरोग्य केंद्रावर घ्यायचं ठरलं.

आता गंमत ऐका. अभ्यासात दोन गट होते, कोण कुठल्या गटात ते नशिबावर. मराठी कागदावर लिहिलं होतं “यादृच्छिक पद्धतीने”. शिक्षिकाबाईंनाही तो शब्द नीट उच्चारता येईना. कुणीतरी सुचवलं, “कौल लावल्याप्रमाणे” लिहू, गोव्यात पटकन कळेल. सगळ्यांना आवडलं. भटजी एकटे अडून बसले. म्हणाले, कौल म्हणजे देवाने सांगितलं. मग पटलं नाही तरी माणूस त्या अभ्यासातून बाहेर पडणार नाही, कौल मोडला म्हणतील. आणि तुमच्याच कागदावर खाली लिहिलंय, केव्हाही बाहेर पडायची मोकळीक आहे. खोलीत एकदम शांतता. शेवटी “चिठ्ठी टाकून” लिहिलं. मी माझ्या आयुष्यात भाषेवर एवढी चांगली चर्चा कुठल्या साहित्य संमेलनातही ऐकली नाही, आणि फुकट पासावर तीनदा गेलोय.

सगळं आमचं ऐकलं असं नाही. एमसीआरच्या, म्हणजे पायाला टोचू नये अशा खास रबराच्या, मऊ चपला एकाच गटाला मिळणार होत्या. मी भांडलो की सगळ्यांना द्या, पाय सगळ्यांचेच जाताहेत. ते म्हणाले सगळ्यांना दिल्या तर चपलेने फरक पडला की नाही हे कळणारच कसं. मला तेव्हा राग आला होता, अजून पुरता गेला नाही. एवढं मात्र कबूल करून घेतलं की अभ्यास संपल्यावर दुसऱ्या गटालाही द्यायच्या. दिल्या. मी स्वतः वाटायला गेलो होतो, मापं चुकली होती निम्म्यांची, तो वेगळा घोळ.

आणि शेवट वाईट झाला, तेही सांगतो. अहवाल आला तो जाडजूड, इंग्रजीत. मुखपृष्ठावर आमच्या आठ जणांचा फोटो, आत आमच्याबद्दल दोन ओळी, त्यात माझं आडनाव चुकीचं. मासेवाल्या बायने विचारलं, यात काय निघालं ते सांग. मला सांगता येईना. मी त्या संस्थेत तीन खेपा घातल्या, तेव्हा कुठे एका पानाचं मराठी नि कोकणी मिळालं. तोवर आठातले दोघे वारले होते.

म्हणून ताई, जा, पण जाताना एक प्रश्न विचारा. कागद पक्का झाल्यावर बोलावताय की कच्चा असताना? कच्चा असेल तर तुमच्या बोलण्याने काहीतरी हलेल. पक्का असेल तर वाळपईचा पोर म्हणतो तेच, चहा-बिस्कीट. बसभाडं विचारा, बैठकीचे पैसे विचारा, लाजू नका. तिथे बसलेल्या प्रत्येकाला पगार चालू असतो, एक तुम्हीच मशीन बंद ठेवून आलेल्या असता. आणि आईंना ओढण्याचं म्हणाल तर ती वेगळी गोष्ट. एक आहे संशोधनाला अंग देणं, दुसरं संशोधनात तोंड घालणं. तुम्हाला दुसऱ्यासाठी बोलावलंय. एकाला हो म्हटलं म्हणून दुसऱ्याला हो होत नाही.

फोंड्याची_फिल्डवाली

काका, “तोंड घालणं” हे मी आमच्या ऑफिसात फळ्यावर लिहिणार आहे.

मी टॅब घेऊन घरोघर फिरणाऱ्यांपैकीच एक, म्हणजे ताईंकडे आलेल्या मुलीच्या जातकुळीतली (ती मी नव्हे). दुसऱ्या बाजूने थोडं सांगते. “जिवंत अनुभव” वाचून मला हसू आलं, कारण इंग्रजी ‘लिव्ह्ड एक्स्पिरियन्स’चं, म्हणजे स्वतः जगलेल्या अनुभवाचं, ते भाषांतर रात्री अकराला करतं कोण, तर आमच्यासारखंच कुणीतरी, दुसऱ्या दिवशी छापायला द्यायचं असतं. ताई, तुम्ही गटात गेलात तर पहिलं तेच वाक्य कापायला लावा.

मी आधी एका मनाच्या आजारांच्या कामावर होते. तिथे ‘डिप्रेशन’ म्हटलं की दारं बंद व्हायची, ‘वेड लागलंय म्हणता काय आम्हाला’. ‘टेन्शन’ म्हटलं की बायका पाट सरकवून बसायला सांगायच्या. हा शब्द कुठल्या पुस्तकातून आला नाही, ओसरीवरून आला.

सहीचं. गटात बसण्यासाठी घेतात ती सही साधारणपणे एवढीच की बैठकीत ऐकलेलं इतरांचं खासगी बाहेर बोलणार नाही. आईंना अभ्यासात घ्यायचं असेल तर संमतीपत्र पूर्ण वेगळं. ज्यांना समजून हो-नाही म्हणता येत नाही त्यांच्या वतीने घरचं कायद्याने चालणारं माणूस सही करतं, आणि तरीही त्या माणसाला स्वतःला झेपेल तेवढं सांगून विचारायचं असतं. त्यांनी मान फिरवली तर ती मान फिरवणं धरायचं असतं. आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे सगळं आहे. प्रत्येक अभ्यास आधी नैतिकता समितीपुढे जातो, 7 ते 15 जणांची असते, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत, अध्यक्षही बाहेरचा. आणि त्यात एक साधा नागरिक लागतोच, ज्याने गेली 5 वर्षं वैद्यकीय क्षेत्रात काम केलेलं नाही आणि ज्याला इथली भाषा, रीत कळते. काका, तुम्ही त्यात बसायला हवं होतं खरं तर.

अभ्यासात औषध किंवा प्रशिक्षणाची चाचणी असेल तर त्यांना सीटीआरआय नंबर विचारा. चाचण्यांची ही सरकारी नोंदवही 2007 पासून आहे, कुणालाही फुकट बघता येते, आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला माणूस घेण्याआधीच नोंद करावी लागते. नंबर विचारला की समोरचा जरा सरळ बसतो, अनुभवाने सांगते.

आणि घरी सांभाळणाऱ्यांवरचं असं काम गोव्याला नवं नाही. इथल्याच दोन तालुक्यांतल्या 81 घरांत ते झालंय, 2008 साली छापून आलं. डॉक्टर नव्हेत, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक बायका घरी जाऊन बसायच्या, ऐकायच्या, काय करायचं ते दाखवायच्या. चिठ्ठीत ज्यांचं नाव आलं नव्हतं त्यांना तेच सहा महिन्यांनी मिळालं. आजार त्याने हटला नाही, पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार कमी झाला. म्हणजे ताई, त्या अभ्यासात मोजलं गेलं ते तुमच्यासारखीचं हसणं-रडणं. मग तुम्हाला विचारायला नको?

वाळपईचा_पोर

कंडक्टरकाका, तुम्हाला मासेवाली बाय भेटली, आम्हाला कुणीच नाही. पण ते कौलाचं वाचून आजीला सांगितलं. ती म्हणाली भटजी बरोबर.

म्हापसा_ते_स्विंडन

उशिरा वाचलं, नाइट शिफ्ट होती. मी इथे इंग्लंडमध्ये केअर होममध्ये काम करते, जवळजवळ सगळे रहिवासी डिमेन्शियाचे. स्विंडनमध्ये आपली माणसं किती आहेत ते सांगायला नको.

संशोधनात सामान्य लोकांना विचारायचं हे प्रकरण इथे बरंच रुळलंय. 1996 पासून सरकारी पातळीवर यासाठी एक वेगळा गट काम करत होता, आता आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या अर्जातच विचारतात की हा अभ्यास ठरवताना सामान्य लोकांना कसं सामील केलं. 2019 मध्ये त्याची सहा मानकं काढली. अर्थात अर्ज भरण्यापुरते दोन म्हातारे बोलावणारेही आहेत, इथे कुणी धुतल्या तांदळाचं नाही.

पण एक गोष्ट मला खरंच आवडते. 2013 मध्ये इथे डिमेन्शियाच्या संशोधनात आधी काय शोधायचं ते रुग्णांना, घरच्यांना, आमच्यासारख्या सांभाळणाऱ्यांना विचारून ठरवलं. दीड हजारांच्या आसपास लोकांनी मिळून 4 हजारांहून जास्त प्रश्न पाठवले. त्यातून गाळून दहा काढले. पहिला आला तो औषधाचा नव्हता. माणूस शक्य तितका स्वतःच्या हाताने जगत राहावा यासाठी सांभाळण्यात नेमकं काय उपयोगी पडतं, हा होता. खाण्यापिण्याचाही होता. रात्रीच्या ड्युटीवर एक चमचा डाळ गिळवायला वीस मिनिटं लागतात तेव्हा मला तो प्रश्न कुणी विचारला असेल त्याची आठवण येते.

ताई, इथे आम्हाला शिकवतात की चुकीचं बोलल्या तर वाद घालायचा नाही, त्या ज्या भावनेत आहेत तिथे जायचं. तुम्ही “बस चुकली असेल” म्हणता ना, आमच्या ट्रेनिंगमध्ये हे एका आख्ख्या दिवसात सांगतात.

साखळीची_शिलाई

जाऊन आले. मोठं आहे, पण तुम्ही एवढं लिहिलंत म्हणून लिहिते.

आधी फोनवर कंडक्टरकाकांचा प्रश्न विचारला, कागद कच्चा आहे का पक्का. मुलगी जरा गप्प झाली, मग म्हणाली प्रश्नावली पक्की आहे, घरच्यांसाठीची पुस्तिका कच्ची. मी म्हटलं मग पुस्तिकेपुरती येते. भाडं देतात आणि बैठकीचे थोडे पैसेही. नवऱ्याला सांगितल्यावर त्याचा आवाज बदलला.

आम्ही सहा जणी होतो, आणि एक पुरुष. तो बायकोला सांभाळतो, पूर्ण वेळ काही बोलला नाही. निघताना एवढंच म्हणाला की अंघोळीचं कुणी लिहिलं नाही. खरंच नव्हतं पुस्तिकेत. सगळं जेवण, औषधं, पडू नये म्हणून काय करावं. अंघोळ नाही! आमच्या आईंची रोजची लढाई तिथेच असते, अंगावर पाणी घेतलं की किंचाळतात. मी सांगितलं, मी डोक्यावरून ओतत नाही, आधी पायांवर, मग हातांवर, आणि त्यांचा तांब्या त्यांच्याच हातात देते. दोघीतिघींनी लिहून घेतलं. डॉक्टरांनी नाही, त्या बायकांनी.

जिवंत अनुभव कापले. आता “घरी सांभाळणाऱ्यांना काय काय झेलावं लागतं” असं आहे. मी सुचवलं नाही, एका साळावलीच्या बाईंनी.

आणि मग बाबलमामा. पुस्तिकेच्या अकराव्या पानावर होतं, “रुग्णाला शांतपणे वास्तवाची जाणीव करून द्या.” मी दोन बैठकांइतका धीर गोळा केला नि म्हटलं, मी चार महिने करून दिली, रोज संध्याकाळी एका माणसाला पुन्हा पुन्हा मारलं. मोठे डॉक्टर होते, ते म्हणाले पण खोटं बोलणं योग्य का? मला उत्तर आलं नाही. खरंच नाही आलं. शेजारची म्हणाली, आम्ही पोरांना चंद्र धरून देतो म्हणतो ते काय मग. थोडा वाद झाला. एकीचं म्हणणं उलट होतं, तिच्या वडिलांना खरं सांगितलं की ते शांत होतात, खोटं लगेच ओळखतात नि भडकतात. शेवटी पानावर दोन्ही ठेवायचं ठरलं, कधी काय करून बघावं असं. मोठ्या डॉक्टरांनी बस चुकल्याचं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, हे उदाहरण म्हणून वापरलं तर चालेल का. मी म्हटलं नाव बदला. मामांचं आणि आमचंही.

पुढची बैठक मी साखळीलाच ठेवायला लावली आहे, दुपारी अडीचला, कारण आई जेवून झोपतात तेव्हा. पण दोन-अडीच तासांची असते आणि त्या दिवशी नवरा ट्रकावर. गेल्या वेळी शेजारीण बसली होती, ती आता माहेरी गेलीय. साखळी-डिचोली भागात कुणी ओळखीचं आहे का, येत्या गुरुवारी फक्त बसायला? आई त्रास देत नाहीत. उठल्या आणि बाबलबद्दल विचारलं तर काय सांगायचं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

कदंबा_निवृत्त

बायकोची बहीण डिचोलीला असते, शाळेतून निवृत्त झालीय, बोलकी आहे. रात्री फोन करून सांगतो. नंबर इथे टाकू नका, मला खासगीत पाठवा. आणि बैठकीत क्रीमची बिस्किटं दिली का ते नाही लिहिलंत.

साखळीची_शिलाई

काका, सामोसे होते. गार.